रेच्निकार्केचे बूट

मेतोदी मोच्याच्या दुकानात जायचं तर गुडघे धड हवेत, असं लाझार म्हणायचा. दुकान तळघरात होतं आणि त्याची खिडकी फुटपाथला चिकटून, घोट्याच्या उंचीवर. गिऱ्हाइकाने उकिडवं बसायचं, वाकून आत बोलायचं, पैसे खाली द्यायचे आणि वस्तू वर घ्यायची. सोफियात अशी दुकानं एके काळी गल्लोगल्ली निघाली होती, आता या बाजूला हे एवढंच उरलं होतं. दाफिना मातेएवा त्या सकाळी कामावर जाता जाता अशीच उकिडवी बसली. एक हात भिंतीला, पिशवी मांडीवर. वितळलेल्या बर्फाचा राडा कोटाच्या कडेला लागत होता. तिने आत वाकून विचारलं, "मेतोदी, माझे बूट झाले का?" खाली मेतोदीचं टक्कल हललं. त्याने वर पाहिलंच नाही. ओठांत खिळे धरलेले, ते न काढताच तो मागे वळून बायकोवर ओरडला, "त्सोने, रेच्निकार्केचे बूट दे गं! ते तपकिरी!"

अंधारात जिना उतरताना एक पायरी कमी निघावी आणि पाय फुकटच जमिनीवर आदळावा, तसं तिला झालं. खालून त्सोनाचा आवाज आला, "ते कुठे झालेत? डावी टाच राहिलीय की. दोन दिवस सांगतेय तुला." मेतोदी म्हणाला, "मग उद्या या, बाई. टाचेला लोखंड बसवतो, म्हणजे जन्माची काळजी मिटली." दाफिना बरं म्हणाली. तो शब्द त्याने कुठून आणला, हे विचारायचं होतं. पण तिच्या मागे एक माणूस फाटकी चप्पल घेऊन येऊन उभा राहिला होता आणि तिला उठायचं होतं. उठता येईना. गुडघ्यांनी ऐनवेळी अंग काढून घेतलं. त्या माणसाने तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं आणि म्हणाला, "जपून, आजी." ती आभार मानून चालू लागली. चार पावलं गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की आपण तोंडातल्या तोंडात तोच शब्द घोळवतोय. रेच्निकार्का. कुणी तरी मोठ्याने म्हटलेला तो शब्द नवरा, लाझार, गेल्यानंतर ती पहिल्यांदाच ऐकत होती. आणि याच आठवड्यात तिने स्वतःच्या हाताने त्या शब्दापुढे 'अप्र.' असं लिहिलं होतं. अप्रचलित. आता बोलण्यात नसलेला. तिच्या धंद्याच्या भाषेत सांगायचं, तर मेलेला.

शब्द तसा साधाच. रेच्निक म्हणजे शब्दकोश आणि तो करणारा रेच्निकार, बाई असली तर रेच्निकार्का. पण दाफिना ज्या शब्दकोशाच्या संस्थेत काम करायची, तिथे तो कुणी तोंडात घेत नसे. संस्थेतल्या दारावरच्या पाट्यांवर लेक्सिकोग्राफ असं लिहिलेलं होतं. रेच्निकार हा सुतार, लोहार, कुंभार यांच्या पंगतीत मांडी घालून बसणारा शब्द. त्याच्या हाताला कामाचा वास यायचा. ज्यांनी पाच-पाच भाषा शिकायला डोळे घालवले, त्यांना त्या पंगतीत बसणं जड जाई. दाफिनालाही गेलं होतं. ती खाणकामगाराची मुलगी. तिच्या आईला सही करता यायला लागली ती दाफिना शाळेत जायला लागल्यावर, तिच्याच पाटीवर. त्या घरातून निघून जिने दारावर लेक्सिकोग्राफ अशी पाटी मिळवली, तिला परत हातोडा-करवतीत येऊन बसायची हौस नव्हती.

लाझार मात्र तिथलाच. तो काचा बसवायचा. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात, खिडकीच्या चौकटीत काच पक्की करायची लांबी भरता भरता, बोटाने ती दाबत तो म्हणाला होता, "तुझ्या कामाचं नाव काय म्हणालीस? माझी जीभच वळत नाही." तिने सांगितलं. तो हसायला लागला. "लेक्सिकोग्राफ! हे माणसाचं नाव आहे का यंत्राचं? छातीचा कार्डिओग्राफ काढतात, तसा तू जिभेचा लेक्सिकोग्राफ काढतेस वाटतं. झोपा, शर्ट काढा, जीभ बाहेर!" ती रागावली. तो म्हणाला, "हे बघ, भाकरी करतो तो ह्लेबार. काच बसवतो तो स्टक्लार, म्हणजे मी. मग रेच्निक करते ती रेच्निकार्का. सरळ तर आहे." ती म्हणाली, "असा शब्द नाही." लाझारने लांबीचं बोट शर्टाला पुसलं. "नाही कसा? आत्ता मी म्हटला ना."

नंतर आयुष्यभर तो तेच म्हणत राहिला. दूधवाल्याला, शेजाऱ्याला, वीजबिलाच्या माणसाला. "हळू बोला, रेच्निकार्का झोपलीय." एकदा नव्या वर्षाच्या मेजवानीला संस्थेतल्या मोठ्या लोकांसमोरही तो म्हणाला, की मी काचा बसवतो आणि ही रेच्निकार्का शब्द बसवते, दोघांचंही काम नीट झालं तर ते कुणाला दिसत नाही. लोक मनापासून हसले. एका म्हाताऱ्या प्राध्यापकाने तर उठून त्याच्या पेल्याला पेला लावला. दाफिना मानेपर्यंत लाल झाली. काही वर्षांनी, कोशासाठी शब्दांचे वापर टिपून ठेवलेल्या जुन्या चिठ्ठ्यांच्या खोक्यांत तिला तो शब्द खरंच सापडला. डॅन्यूबकाठच्या एका जुन्या वर्तमानपत्रातला एकच वापर, तोही टोमणा: 'गावाने पूल बांधणारा मागितला, आला रेच्निकार.' ती घरी येऊन म्हणाली, "लाझार, तुझा शब्द सापडला. शंभर वर्षांहून जुना आहे." लाझार वाल खात होता, सोबत लोणच्यातली मिरची. तो म्हणाला, "बरं झालं. नाहीतर मी आपला उगाच बोलत होतो." आणि त्याने पुन्हा पावाचा तुकडा मोडला.

संस्थेच्या जिन्यात थंडी होती. आतल्या खोलीत राशेव तिची वाट बघत होता. राशेव आता प्रमुख संपादक. तिच्याहून बराच लहान, पोटाच्या तक्रारीमुळे लिंडनच्या फुलांचा काढा पीत बसणारा, भला माणूस. त्याच्यापुढे 'र' खंडाची शेवटची मुद्रितं होती. हा खंड छापायला गेला, की दाफिना निवृत्त होणार. 'स'ला हात लावायला दुसरी माणसं येणार. 'स' फार मोठं अक्षर आहे. तिने पहिल्या दिवशी इथे पाऊल टाकलं तेव्हा तिच्या साहेबांनी खिडकीतून बाहेर बघत सांगितलं होतं, की पोरी, शेवटचं अक्षर बघायचं मनात आणू नकोस, आपल्यापैकी कुणी बघणार नाही. तेव्हा तिला ते फार मोठं आणि दुःखी वाटलं होतं. आता फक्त पाठ दुखत होती.

"दाफिनाबाई," राशेव म्हणाला, "तुमचा एक पाहुणा माझ्याकडे मुक्कामाला आहे. रेच्निकार. पान एका ओळीने फुगलंय. याला आधार एकच. चालू शब्द असता तर दोन लिखित आधार लागले असते, मी केव्हाच काढला असता. पण तुम्ही 'अप्र.' लावलंय, आणि जुन्या शब्दाला एक आधार चालतो. मग ठेवू ना? ओळ मी दुसरीकडून चोरतो. तुमचा शेवटचा खंड, तेवढं करतोच."

"उद्या सांगते."

"उद्या काय सांगायचं? मेलाय ना तो?"

"उद्या सांगते म्हटलं ना."

"काल मेलेला होता," राशेव हसून म्हणाला. "ठीक आहे. उद्या दुपारपर्यंत थांबतो. मेलेल्याला एक दिवस इकडे काय नि तिकडे काय."

ती आपल्या टेबलाशी येऊन बसली. खिडकीची काच लाझारने बसवलेली होती. कोपऱ्यातल्या लांबीवर त्याच्या अंगठ्याचा ठसा अजून होता, कोरडा, चिरा गेलेला. 'अप्र.' लिहिताना तिने लबाडी केली नव्हती. कुणाच्या तोंडून तो शब्द ऐकू येत नाही, हे खरंच होतं. ज्याच्या तोंडून यायचा, तो माणूसच नव्हता. आणि एका घरातला शब्द हा शब्द नसतो, हे तिनेच किती जणांना सांगितलं होतं. माणसं आपल्या आजीचा, आपल्या गावचा एखादा शब्द तळहातावर पाखरू आणावं तसा घेऊन यायची. ती विचारायची, दुसरं कोण म्हणतं? दुसरं कुणी नसलं की ती पाखरू परत द्यायची. स्वतःच्या पाखरासाठी तिला वाट मिळाली होती ती ही: जिवंत म्हणून आत जाता येत नाही, पण मेलेला म्हणून जाता येतं. तिने तो मेलेला म्हणून आत नेला. रेच्निक आणि रेचोवित, म्हणजे शब्दकोश आणि बोलघेवडा, या दोन शब्दांच्या मधे एका ओळीची जागा. लाझारच्या थडग्यावरही एवढंच लिहिलेलं होतं, एक ओळ. तिला वाटलं होतं, पुरे.

शेवटच्या आजारपणात लाझारचे शब्द जायला लागले होते. झटका येऊन गेल्यावर आधी माणसांची नावं गेली, मग वस्तूंची. चमच्याला तो 'ते खाण्याचं' म्हणायचा, खिडकीला 'ते बाहेरचं'. काच मात्र बरेच दिवस टिकली. दाफिना पलंगाशी बसून एकेक शब्द जाताना बघायची आणि तिची धंद्याची खोड जायची नाही; मनात नोंद व्हायची, आज 'दार' गेलं, आज 'ओला' गेला. तिला स्वतःची किळस यायची आणि नोंद थांबायची नाही. तिचं नावही गेलं. एका संध्याकाळी नर्सने तिच्याकडे बोट दाखवून विचारलं, "आजोबा, या कोण?" तो बराच वेळ बघत राहिला. कपाळावर घाम आला. मग एखादं जड तावदान चौकटीत नीट बसल्यावर यायचं तसं समाधान त्याच्या चेहऱ्यावर आलं. तो म्हणाला, "रेच्निकार्का." नर्सला वाटलं, आडनाव आहे.

म्हणूनच मेतोदीच्या तोंडचा तो शब्द तिला सोसवत नव्हता. दिवसभर ती तोच एक प्रश्न उलटून पालटून बघत होती. मेतोदीने तो स्वतःच घडवला असेल तर? तो स्वतः त्याच पंगतीतला, त्याला काय अवघड? तसं असेल तर शब्द कुणा एकाचा नाही. तो भाषेतच आहे, हाक मारली की उठतो. मग 'अप्र.' खोटं. आणि 'अप्र.' खोटं असेल तर नियम म्हणतो, दुसरा लिखित आधार आणा, नाहीतर बाहेर. लाझारकडूनच ऐकला असेल, तर तो आपल्याच घरातला. एका घराबाहेर एका तळघरापर्यंत गेलेला, तिथेच संपलेला. मग 'अप्र.' चालेल, शब्द राहील. म्हणजे तिला मनातून हवं होतं, की तो मेलेलाच निघावा. हे लक्षात आल्यावर ती चष्मा काढून डोळे चोळत बसली. फार थकल्यासारखं झालं होतं. या थकव्याला नेमका शब्द आहे का, हे एरवी तिने मनाशी पाहिलं असतं.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती पुन्हा त्या खिडकीशी उकिडवी बसली. आज मागे कुणी नव्हतं. त्सोना आत स्टोव्हवर कॉफी करत होती. तिच्या मनगटाला मार्च लागला की सगळे बांधतात तो लाल-पांढरा दोरा होता. मेतोदी डावा बूट मांडीवर घेऊन टाच घासत होता.

"मेतोदी, काल तुम्ही मला काय म्हणालात?"

"काय म्हणालो? उद्या या म्हणालो. आलात. झालंच आहे."

"नाही, आत ओरडून. रेच्निकार्का म्हणालात."

मेतोदी घाबरला. ओठांतले खिळे त्याने तळहातावर काढले. "राग आला का बाई? आम्ही आपले... तुमचे लाझारच म्हणायचे. बूट घेऊन यायचे आणि म्हणायचे, हे माझ्या रेच्निकार्केचे, डावी टाच बाहेरून झिजलीय, चालता चालता वाचते आणि एका बाजूला कलते. तेच तोंडात बसलं. आता नाही म्हणणार."

"म्हणा, म्हणा," दाफिना घाईने म्हणाली. म्हणजे लाझारचाच. छातीत एकदम मोकळं झालं आणि त्याच क्षणी खोल काहीतरी बुडालं. दोन्ही एकाच जागी कसं होतं, ते तिला कळेना. संपलं. राशेवला फोन करायचा, 'ठेवा' म्हणायचं. मेलेला आहे.

"कॉफीत साखर किती रे घालू?" आतून त्सोना म्हणाली. "थोडी घालते."

"थोडी म्हणजे?" मेतोदी म्हणाला. "थोडी म्हणजे कालच्यासारखी, का थोडी म्हणजे थोडी?"

"झाला सुरू!" त्सोनाने चमचा आपटला. "झाला सुरू रेच्निकार! माणसाला एक वाक्य धड पुरं करू देत नाही मेला!"

दाफिना इतकी पुढे वाकली, की तिचं कपाळ चौकटीला लागलं. "काय म्हणालात?"

"अगं बाई, तुम्हाला नव्हे हो."

"मला नाही हे कळलं. कुणाला म्हणालात? काय अर्थाने म्हणालात?"

"अर्थ कसला? हा असा आहे म्हणून. म्हणजे काय, म्हणजे कसं, म्हणजे किती. जीव नकोसा करतो. रेच्निकार नुसता."

"असं तुम्ही एकट्याच म्हणता?"

"एकटी कशाला? पेर्निकला माझी बहीण आहे, ती तिच्या नवऱ्याला म्हणते. तिची सून पोराला म्हणते, फार प्रश्न विचारायला लागला की. त्यांच्या जिन्यात सगळ्याच म्हणतात. परवा फोनवर ती सांगत होती, आमच्या इमारतीत दोन दारुडे आणि तीन रेच्निकार आहेत, दारुडे परवडले."

"पण त्यांना माहीत आहे का, की हा शब्द..."

"काय माहीत?"

"की हा शब्दकोशावरून आलाय? कोश करणाऱ्या माणसाला म्हणतात?"

त्सोनाने खालून तिच्याकडे पाहिलं, कॉफीचं भांडं हातात तसंच धरून. "शब्दकोशाचा काय संबंध त्यात? हा कधी कोश उघडतोय? आणि दारुड्यासारखाच शब्द आहे की तो, बाई. कुठून आला कुणाला ठाऊक."

"मग पहिल्यांदा कुणी म्हटला? कधीपासून म्हणतात? बहिणीकडे तुमच्याकडून गेला, का..."

मेतोदी खो खो हसायला लागला. बूट मांडीवरून घसरला. "त्सोने, आता ही बघ! ही खरी!" त्सोनाही हसली, तोंडावर पदर नव्हता म्हणून कोपर घेऊन.  दाफिनाला स्वतःचं चित्र दिसलं: राड्यात उकिडवी बसलेली, तळघरात डोकं घालून दोन माणसांना म्हणजे काय, म्हणजे कसं विचारणारी. ती हसली नाही, पण नाकातून एक श्वास गेला, लाझारचं एखादं बोलणं ऐकून जायचा तसा.

एवढं तिच्या धंद्यात तिला कळत होतं. मेलेल्या शब्दाला कुणी चुकीचं वापरत नाही. त्याला दुसरा अर्थ फुटत नाही. लाझारच्या लाडाचा शब्द, तो तळघरात उतरला, तिथे त्याची शिवी झाली, ती शिवी बसमधे बसून पेर्निकला गेली, आणि तिथे कुणाला लाझार माहीत नाही, दाफिना माहीत नाही, पूल मागणारं ते गाव माहीत नाही. तरी तो शब्द जिन्यातून चढतो, उतरतो. या अर्थाला एकही लिखित आधार नाही. मिळायचाही नाही, त्या जिन्यातल्या बायका लिहीत नाहीत, त्या बोलतात. तिची आई बोलायची तशा.

तिने तिथेच, उकिडव्यानेच, पिशवीतून फोन काढला. "राशेव, मी दाफिना. 'अप्र.' काढा."

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज आला. "काढतो. आणि दुसरा आधार?"

"नाही."

"मग बाई, शब्दच काढावा लागेल. तुम्हाला माहीत आहे. 'अप्र.' राहू दिलं तर राहतो. कुणी विचारायला येणार नाही."

"माहीत आहे."

"मग राहू दे ना. कुणाचं काय जातं?" मग तो हळूच म्हणाला, "लाझारचा शब्द होता ना तो? मेजवानीत म्हणाले होते. माझं ते पहिलंच वर्ष."

तिला वाटलं नव्हतं, की हे कुणाच्या लक्षात असेल. "त्याचाच," ती म्हणाली. "म्हणूनच. जिता माणूस मयत दाखवून मला त्याला जागा मिळवायची नाही, राशेव. काढून टाका."

"बरं." "ओळ वर सरकवतो मग. रेच्निकनंतर लगेच रेचोवित येईल."

"येऊ दे."

तिने फोन पिशवीत टाकला. रडू येईल असं वाटलं होतं, ते आलं नाही. फक्त पाय मुंग्या येऊन बधिर झाले होते. ज्या पानावर तिने तिची सगळी वर्षं घातली, त्या पानावर तिच्या कामाचं नाव असणार नव्हतं. मेतोदीने बूट वर केले. डाव्या टाचेला लोखंडाची नवी चकती चमकत होती. ती म्हणाली, "इथेच घालते," आणि भिंतीला टेकून जुने बूट काढून पिशवीत कोंबले. त्सोनाने कॉफीचा छोटा पेला खिडकीतून वर दिला. "घ्या. थोडी साखर आहे. आणि किती ते विचारू नका."

कॉफी गोड होती. ती प्यायल्यावर तिने पेला परत दिला आणि चौकटीची कड धरून उठायचा प्रयत्न केला. पहिल्या खेपेला जमलं नाही. मेतोदीने आतून हात वर काढला, काळा, डिंकाचे डाग पडलेला, आणि तिच्या कोपराखाली लावला. "हं, चला. उठा, रेच्निकार्का."

ती उठली. रस्ता ओला होता. टाच आता सरळ होती; एका बाजूला कलून चालायची इतक्या वर्षांची सवय असल्यामुळे पहिल्या काही पावलांना ती अडखळली, आणि लोखंडाचा आवाज तिच्याबरोबर चालत राहिला.